मोठ्या मीटरचा पांढरा

दातांच्या डॉक्टरांचा फोन आला आणि त्यांनी पडदा हिरवट दिसतोय एवढंच म्हटलं, तेवढ्यानं माझं डोकं फिरलं. मागच्याच महिन्यात मी त्यांच्या घरी सबंध दिवस अंधारात बसून तो प्रोजेक्टर लावून दिला होता. हिरवट म्हणे! तुमचेच डोळे हिरवे झाले असतील, असं अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि येते म्हणाले. त्यांच्या दारात पोचेपर्यंत मी त्यांना मनातल्या मनात भरपूर बोलून घेतलं, तरी प्रत्यक्ष बोलायला पुष्कळ शिल्लक होतं.

आमचा धंदा सांगून कुणाला पटत नाही. लोक घरात थिएटर करतात, महागाचा प्रोजेक्टर आणतात आणि खोक्यातून काढला तसा चालू करतात. त्यात पांढरा असतो निळा, आणि माणसांचे चेहरे ताप चढल्यासारखे लाल. मग आम्हाला बोलावतात. आम्ही पडद्यासमोर स्टँडवर रंग मोजायचं मीटर ठेवतो. पडद्यावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एकेक करडी चौकट टाकतो. प्रत्येकीत लाल, हिरवा, निळा किती आहे ते मीटर लॅपटॉपवर दाखवतं, आणि तिन्ही प्रमाणात येईपर्यंत आम्ही प्रोजेक्टरचे आकडे वरखाली करत बसतो. डोळ्यांवर विसंबायचं नाही, कारण डोळा लाचार असतो, जे दाखवाल ते थोड्या वेळात खरं मानायला लागतो. हे माझ्या सासऱ्यांचं वाक्य. त्यांची वाक्यं मला तोंडपाठ आहेत, दुर्दैव माझं.

मीटरं दोन प्रकारची. आम्ही घरोघर नेतो ते छोटं. ते वापरता वापरता हळूहळू भलतंच सांगायला लागतं, म्हणून ते अधूनमधून मोठ्या मीटरशी जुळवून घ्यावं लागतं. मोठं मीटर आमच्या शहरात एकच, सासऱ्यांचं. इथे हे काम करणारा जो कुणी आहे तो त्यांच्याच हाताखाली शिकलेला, आणि सगळे त्यांना सर म्हणतात. वर्षातून एकदा ही सगळी मंडळी आपापली मीटरं घेऊन आमच्या घरी येतात, मागच्या अंधाऱ्या खोलीत मांडी घालून बसतात, आणि एकेकाचं छोटं मीटर मोठ्याशेजारी ठेवून जुळवलं जातं. त्याला आमच्याकडे जुळणी म्हणतात. सासूबाई चहा करतात. सासरे त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालतात.

नवऱ्याला या धंद्यात काडीचा रस नव्हता आणि आजही नाही. तो ऑफिसात जातो, संध्याकाळी येतो, आणि बाप नि बायको भांडायला लागले की दोघांनाही आवाज कमी करा म्हणतो. काम शिकले मी. सासऱ्यांनी शिकवलंही, पण कधी धड शब्दात नाही. शाबास नाहीच, चुकलीस मात्र दिवसातून दहा वेळा. आमचं भांडण एकाच गोष्टीवरून. मोठं मीटरही म्हातारं होतं, ते मधूनमधून तपासायला कंपनीकडे पाठवावं लागतं. यांनी ते घेतल्यापासून कधीच पाठवलं नव्हतं. मी विषय काढला की म्हणायचे, ते काय बाईमाणूस आहे का, सारखं माहेरी धाडायला? आणि मग त्यांचं हुकमाचं पान टाकायचे. दर जुळणीला सगळ्यांचे आकडे जुळतात ना? मग झालं तर.

पण घरातलं भांडण घरात. बाहेरच्यानं बोट दाखवलं की मी सासऱ्यांच्या बाजूची. डॉक्टरांच्या थिएटरात पाय ठेवला तोच मुळी बाह्या सरसावून.

डॉक्टरांनी स्वतःचं छोटं मीटर विकत आणलं होतं. नवं कोरं, वरचं प्लास्टिकही पुरतं निघालेलं नव्हतं. आता गिऱ्हाइकंच मीटरं बाळगायला लागली, उद्या पेशंट स्वतःचे चिमटे घेऊन येतील तेव्हा कळेल यांना. मी माझं मीटर लावलं. तिन्ही रंग अगदी जागच्या जागी. त्यांनी त्यांचं लावलं. हिरवा वर आला, आणि थोडाथोडका नाही. मी म्हटलं तुमचं मीटर स्वस्तातलं आहे. ते हो म्हणाले. मी म्हटलं तुम्हाला ते ठेवायचा कोन कळत नाही. ते म्हणाले, मग तुम्ही ठेवा. मी ठेवलं, तरी हिरवा वर. त्या माणसाचा आवाज जरासुद्धा चढत नव्हता, त्यानं माझा आणखी चढत होता.

मग त्यांनी विचारलं, तुमचं मीटर बरोबर आहे कशावरून? मी म्हटलं, मोठ्या मीटरशी जुळवलेलं आहे.

"आणि मोठं कशाशी जुळवलंय?" डॉक्टर म्हणाले.

आजवर या प्रश्नाला सासऱ्यांचं उत्तर होतं की सगळ्यांचे आकडे जुळतात. पण सगळ्यांचे आकडे त्या मोठ्याशीच जुळवलेले. जुळणार नाहीत तर जातील कुठे? उंदराला मांजर साक्ष! इतकी वर्षं त्या खोलीत बसून आम्ही सगळ्यांनी हीच साक्ष काढली होती आणि वर चहा प्यायलो होतो.

डॉक्टर आत जाऊन एक पट्टी घेऊन आले. कवळी किंवा दातावरची टोपी करताना दाताचा रंग ठरवायला त्यांच्याकडे नमुन्याचे दात ओळीनं बसवलेली पट्टी असते. त्यातला एक दात त्यांनी प्रोजेक्टरच्या पांढऱ्या उजेडात धरला. दात शेवाळलेला दिसत होता. मग त्यांनी खिडकीचा जाड पडदा सारला आणि तोच दात दिवसाच्या उजेडात धरला. साधा, निरोगी, माणसाच्या तोंडातला दात. पडदा ओढला, पुन्हा शेवाळ. सरळ होतं सगळं. मोठं मीटर हिरवा कमी मोजत होतं, म्हणून आम्ही प्रत्येक घरात तो वाढवून ठेवत होतो. एका घरात नाही. सासऱ्यांनी, मी, त्यांच्या सगळ्या शिष्यांनी, जिथे जिथे हात लावला तिथे तिथे. आणि या शहरात सासऱ्यांचं नाव म्हणजे पांढऱ्या रंगाचं नाव. ते गेलं तर त्यांच्याकडे राहणार काय?

मी त्यांना फोन केला. खरं सांगते, ते येतील आणि मला खोटं पाडतील अशी मला आशा होती.

ते आले, मोठ्या मीटरची पेटी छातीशी धरून. डॉक्टरांना नमस्कार नाही की काही नाही. मीटर लावलं, चौकट टाकली, आकडे पाहिले. तिन्ही जागच्या जागी. झालं समाधान, असं डॉक्टरांना विचारलं आणि पेटी बंद करायला घेतली. डॉक्टर शांतपणे म्हणाले, एकाच वहीतून उतरवलं तर दोन्ही मुलांचं उत्तर सारखंच येणार. सासऱ्यांच्या मानेची शीर फुगली. त्यांनी डॉक्टरांना तुम्ही पेशंटचे दात उपटा असं सुनावलं. मी मध्ये पडले. जमेल तितक्या हळू आवाजात म्हटलं, बाबा, तो दात एकदा बघा. मीटर आता तरी तपासायला पाठवू.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. डॉक्टरांना म्हणाले, "हिच्या बोलण्यावर जाऊ नका. ही माझ्या मुलाची बायको आहे. बॅगा उचलायला येते."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. उन्हाळ्यात बंद खोल्यांमध्ये घामानं निथळत मी यांची कामं केली होती. यांची नजर कमी झाल्यापासून बारीक आकडे यांना मी वाचून दाखवत होते, आणि बाहेर कुणाला त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. बॅगा उचलायला!

मी लॅपटॉप उघडला. छोट्या मीटरला मोठ्याशी जोडणारी जुळणी लॅपटॉपमध्ये साठवलेली असते, ती मी त्यांच्या डोळ्यांदेखत पुसून टाकली. मग माझं मीटर डॉक्टरांच्या नव्या मीटरशेजारी ठेवलं आणि त्याच्याशी जुळवून घेतलं. आमच्या धंद्यात ज्याच्या मीटरशी तुम्ही आपलं मीटर जुळवता तो तुमचा गुरू. गिऱ्हाइकाच्या मीटरशी जुळवणं म्हणजे घरच्या भरल्या ताटावरून उठून शेजारच्याच्या पंगतीला बसणं. सासरे खुर्ची ओढून बसले. मी पहिल्या चौकटीपासून सगळं पुन्हा लावायला घेतलं. ते हाताची घडी घालून मी कुठे चुकते याची वाट बघत होते, आणि मला ते पाठीला जाणवत होतं.

काम झाल्यावर डॉक्टरांनी एक सिनेमा लावला. एक म्हातारी बाई मोरीपाशी उभी राहून तोंड धुते, एवढाच प्रसंग. तिनं चेहरा वर केला. गालाची कातडी कातडीसारखी, ओले केस पांढरे, खरोखरच पांढरे. सासरे खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्या तोंडून एक बारीकसा आवाज निघाला, हुंकार म्हणा. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी पेटी उचलली आणि एकटेच निघून गेले. डॉक्टरांनी मला पाणी दिलं. मी त्यांचेही धड आभार मानले नाहीत, कारण त्या घटकेला सगळ्या जगावरच माझा राग होता.

घरी अबोला सुरू झाला. जेवायला समोरासमोर बसायचो आणि मीठ हवं असलं तरी ते सासूबाईंना सांगायचे, तिला म्हणावं मीठ दे. मीही सासूबाईंनाच सांगायचे, त्यांना म्हणावं मीठ त्यांच्या हाताशीच आहे. सासूबाई म्हणाल्या, माझं काय टपाल खातं केलंय तुम्ही दोघांनी? नवरा म्हणाला, तू माफी मागून टाक म्हणजे विषय संपेल. कशाची माफी? पांढऱ्याला पांढरं केल्याची? तो म्हणाला, आवाज कमी कर.

जुळणी जवळ आली होती. मी एकेका शिष्याला फोन केला आणि जे दिसलं ते सांगितलं. मला वाटलं होतं, एक तरी म्हणेल, वहिनी, आम्हालाही शंका होती. एकानं ऐकलं आणि मुलीच्या तापाचं कारण सांगून फोन ठेवला. दुसऱ्यानं या वयात त्यांना त्रास देऊ नका म्हणून मलाच उपदेश केला. सगळ्यात जुना शिष्य, ज्याचं बाजारात मोठं दुकान आहे, तो म्हणाला की हे बाहेर पडलं तर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन आमचं चुकलं म्हणावं लागेल, ते तुम्ही करणार का? मी म्हटलं, हो, करीन. तो हसला. लांब्या म्हणून एक आहे, त्याची बायको माझी मैत्रीण, त्यानं तर फोनच उचलला नाही. थोडक्यात काय, अळीमिळी गुपचिळी. मला सासऱ्यांचा जितका राग होता त्याहून या लोकांचा जास्त यायला लागला.

जुळणीच्या दिवशी सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मोठं मीटर बाहेर काढलं. म्हणजे काही बदलणार नव्हतं. मी सासूबाईंना सांगितलं की आज चहा द्यायला मी येणार नाही. माझं मीटर घेतलं आणि त्या खोलीत जाऊन सगळ्यात मागे बसले. दोघातिघांनी मागे वळून पाहिलं आणि लगेच माना पुढे केल्या.

एकेक जण पुढे गेला. मोठ्या मीटरशेजारी छोटं, लाल, हिरवा, निळा, पांढरा, आणि जुळलं. पुढचा. जुळलं. नेहमीसारखंच. मी फोनवर बोललेच नव्हते जणू. शेवटच्याचं झाल्यावर सगळे उठायला लागले तशी सासऱ्यांनी बसा म्हणून हात केला. त्यांनी पडद्यावर नुसता पांढरा टाकला, मोठ्या मीटरनं बरोबर ठरवलेला. खोलीभर तो उजेड पसरला. मग त्यांनी पहिल्या रांगेपासून विचारायला सुरुवात केली. हा पांढरा आहे का?

पहिला म्हणाला, हो सर. दुसरा म्हणाला, हो सर. दुकानवाला म्हणाला, सर, तुमचा पांढरा म्हणजे शेवटचा शब्द. लांब्या म्हणाला, दुधासारखा आहे. सासरे प्रत्येकाच्या तोंडाकडे नीट बघत होते, आणि पुढच्याकडे वळताना त्यांची मान जरा जास्तच खाली जात होती. मला कळेना हे काय चाललंय. माझी आणखी एकदा सगळ्यांसमोर शोभा करायची असेल, असंच मला वाटलं. विचारत विचारत ते माझ्यापर्यंत आले.

"तू?" ते म्हणाले. त्या दिवसापासून ते माझ्याशी पहिल्यांदा बोलत होते.

"हिरवा आहे," मी म्हटलं.

कुणीतरी खुदकन हसलं. सासरे पडद्याकडे वळले.

"मलाही हिरवाच दिसतोय," ते म्हणाले. "डॉक्टरांच्या घरून आलो त्या दिवसापासून हिरवा दिसतोय. तिनं तुम्हाला फोन केले, तेही ऐकलंय मी. भिंतीला कान नसतील पण या घरात तिचा आवाज सगळीकडे जातो."

लांब्याला गप्प राहवलं नाही. तो समजुतीच्या सुरात म्हणाला की सर, सगळ्या शहरात हाच आहे, आणि सगळ्यांकडे हिरवा असला तर तोच पांढरा. कुणाला काय कळतंय? बाकीच्यांनी माना हलवल्या. त्याची री ओढायला दुकानवाला तोंड उघडणार तोच सासऱ्यांनी प्रोजेक्टर बंद केला. खोलीत मिट्ट काळोख झाला.

त्या काळोखातून ते म्हणाले, "मी चुकलो, ते मीटर चुकलं म्हणून. तुम्ही का चुकलात? उठा."

सासूबाई दारातून चहाचं विचारायला लागल्या. ते पुन्हा म्हणाले, उठा. लोक अंधारात आपापल्या मीटरांच्या पेट्या चाचपत, एकमेकांच्या पायांवर पाय देत बाहेर पडले. दुकानवाला माझ्यापाशी थांबला आणि घर बुडवलंत वहिनी, असं दात ओठ खात बोलून गेला. मी त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. आता तरी एखादा बरा शब्द येईल म्हणून मी थांबले. सासरे वायर गुंडाळत म्हणाले, तुला आनंद झाला असेल. मी झाला म्हटलं, खोटं कशाला बोलू? ते म्हणाले, मग तो बाहेर जाऊन साजरा कर. मी दार आपटून बाहेर आले. चांगली माणसं अशा वेळी रडतात म्हणे. मी तो सगळ्यांसाठी केलेला चहा दोन कप प्यायले आणि भांडी आदळली.

सकाळी उठले तर बाहेरच्या खोलीतून त्यांचा आवाज येत होता. दार अर्धवट लोटलेलं होतं. ते फोनवर आपलं नाव सांगत होते, त्याच जुन्या ताठ्यानं. पलीकडच्यानं ओळखलं असावं. मग ते म्हणाले की तुमच्या घरचा पडदा मीच लावला होता आणि तो चुकीचा लावलाय. पलीकडचा समजूत काढत असणार, कारण ते चिडले आणि म्हणाले, अहो नाही, तुम्हाला आवडत असला तरी चूकच आहे. मी दाराशी खिळून उभी राहिले. आयुष्यात या माणसाच्या तोंडून चुकलं हा शब्द मी फक्त माझ्या नावासकट ऐकला होता.

"नाही, मी नाही येणार," ते म्हणाले. "सून येईल. काम चोख करते. तोंडानं फटकळ आहे, तुम्हाला चार शब्द ऐकवेल. ऐकून घ्या. मी ऐकलं नाही."

मग त्यांनी फोन ठेवला, चष्मा पुसला आणि पुढचा नंबर लावला.